उजवीकडे वाढलेलं मीठ

आमच्या खवय्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर लोक रविवारी आपल्या आवडत्या ताटाचे फोटो टाकतात. मला त्यातला एकही चटकन खरा वाटत नाही. इतक्या गोल पोळ्या घरात कोण लाटतं, असं मनात येतंच. परवा एका बाईंच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी उजवीकडे होती आणि भाजी डावीकडे. आपल्याकडे असं कुणी वाढत नाही. मी लगेच लिहिलं, "ताई, फोटो कुठून उचललात? उलटा झालाय."

त्यांचं उत्तर आलं, "दादा, ताट आईचं आहे. तिचा उजवा हात लुळा पडलाय, ती डाव्या हाताने जेवते. ती पोटभर जेवली, म्हणून हेच आवडतं."

दुसऱ्याची लबाडी पकडली की मला शहाणं झाल्यासारखं वाटतं. ही सवय कधी लागली, आठवत नाही. लाजून मी माझी कमेंट काढून टाकली, तर तिच्याखालचं त्यांचं उत्तरही गेलं. संध्याकाळी आणखी एकाने तीच शंका काढली. ताईंनी आईच्या हाताचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी ते वाचलं, आणि तेव्हाही माफी मागितली नाही.