हवा भरताना

नायक दत्तात्रय आणि मी उत्तर सीमेवर फौजेच्या एकाच वर्कशॉपमध्ये होतो. मी हवालदार, तो माझ्या हाताखाली. काम गाड्या दुरुस्तीचं. रस्त्यावर दरडी कोसळायच्या, कधी पलीकडून तोफेचे गोळे यायचे. दत्ता शांतपणे जॅक लावायचा.

पेन्शनवर आल्यावर आम्हा दोघांना नवलाख उंबरे गावाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट यार्डात काम मिळालं. मी सेफ्टी सुपरवायझर, तो टायरच्या शेडमध्ये. तो त्याच्या गावाहून, औंढ्याहून, मोटारसायकलवर यायचा.

सिव्हिलमधल्या माणसाला टायरची भीती वाटत नाही. वाटायला हवी. जुन्या ट्रकच्या चाकाला टायर अडवून धरणारी लोखंडी लॉकरिंग असते. ती खाचेत नीट बसली नसेल, तर हवा भरताना गोळ्यासारखी सुटते. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं आणि लांब उभं राहून हवा भरायची. फौजेत ही ऑर्डर होती. यार्डातही आम्ही पिंजरा करून घेतला. ड्रायव्हर हसायचे.

"दत्ताभाऊ, टायर काय वाघ हाय व्हय, पिंजऱ्यात घालाया?"

"व्हय," दत्ता म्हणायचा. आणि चाक पिंजऱ्यात ढकलायचा.

त्या दिवशी सकाळी विलास नावाच्या ड्रायव्हरला भरलेला ट्रक घेऊन निघायचं होतं. माणूस चांगला, फक्त घाईत. दत्ता चहाला गेला होता. विलासने चाकावर टायर आणि रिंग स्वतःच बसवली, चाक शेडबाहेर जमिनीवर आडवं टाकलं आणि पाइप लावून त्यावर वाकला.

मी गेटवर होतो. चहाहून परतणाऱ्या दत्ताचा आवाज ऐकला.

"विलास! हवा बंद! मागं सर!"

कॉम्प्रेसर चालू होता. विलासला ऐकू गेलं नाही. दत्ता धावला. त्याने विलासला खांद्याने ढकलून दिलं आणि पाइपचा कॉक फिरवायला हात घातला.

तेवढ्यात स्फोट झाला.

मी पोचलो तेव्हा रिंग शेडचा पत्रा फाडून पलीकडे पडली होती. दत्ता उताणा होता. जखमेचं सांगणार नाही. मी ऑर्डर दिल्या. "कॉम्प्रेसर बंद. सगळे मागे. ॲम्ब्युलन्स बोलवा." मानेवर बोटं ठेवली. नाडी नव्हती.

मग त्याच्या घरी फोन लावायला घेतला. अर्ध्यातच बंद केला; हे समोर जाऊन सांगायचं होतं. विलास शेजारी बसून एकच बोलत होता, "टायरच तर हुता, साहेब. टायरच तर हुता."

औंढ्यात दत्ताच्या बायकोने माझं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"भाऊ, तितं तोफा व्हत्या, तितनं धड आलं," ती म्हणाली. "हितं कोन दुश्मन व्हता?"



सव्वीस जानेवारीला औंढ्याच्या शाळेत झेंडावंदन झालं. तालुक्यातल्या शहीद जवानांची नावं वाचली. दत्ताचं नाव त्यात नव्हतं. त्याला मरण ड्युटीवर आलं नाही, यार्डात आलं. नियम मला माहीत आहे.

शेवटचं नाव वाचून झालं. मी मेडल्स लावून पहिल्या रांगेत बसलो होतो. उठण्याचा विचार करत होतो, तोच मागे खुर्ची सरकली. विलास उभा होता. तो मोठ्याने म्हणाला,

"नायक दत्तात्रय. औंढे."

मी उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.