घरात न शिजणारी कालवं

मंजुळा वैतीचा आवाज आपण डिलाईल रोडच्या बाजारात शिरायच्या आधीच कानावर येतो. वरळी कोळीवाड्याची ही बाई गेली तेवीस वर्षं त्याच कोपऱ्यात, त्याच फळीमागे बसते. समोर पहाटे धक्क्यावरून उचललेले बांगडे, मांदेली, हाताला लागलं तर पापलेट. आणि उजव्या गुडघ्याशी, ओल्या फडक्याखाली, ॲल्युमिनियमचं एक पातेलं. त्यात कालवं.

मासे सगळ्याच जणी आणतात. कालवं मात्र मंजुळाकडेच मिळतात, कारण ती विकत आणत नाही, स्वतः काढते. ओहोटीला कोळीवाड्यामागच्या खडकांवर वाकायचं, लोखंडी कोयतीने खडकाला चिकटलेलं शिंपलं फोडायचं, आतला मऊ गर काढून पातेल्यात टाकायचा. तीन तासांत कंबर बोलायला लागते, बोटं सोलून निघतात. ही विद्या तिला सासूने दिली, आणि त्यातून येणारा पैसा फक्त तिचा, नवऱ्याच्या होडीचा त्याच्याशी संबंध नाही. धर्मा, म्हणजे नवरा, त्या पातेल्याला बोटसुद्धा लावत नाही.

भाव पाडून मागणाऱ्याला मंजुळा काय ऐकवते ते इथे छापण्यासारखं नाही. पण एका बाईपुढे ती गोगलगाय होते. रमाबाई घाडी. समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, मूळच्या देवगडकडच्या, नवरा गिरणीत होता. बुधवार, शुक्रवार, रविवार सकाळी साडेसातला त्या येतात आणि मंजुळाची भवानी करतात. दिवसाची पहिली विक्री रमाबाईंच्या हातची झाली की टोपली दुपारपर्यंत रिकामी, असा मंजुळाचा ठाम समज आहे. रमाबाई येईपर्यंत ती दुसऱ्याला मांदेलीचं शेपूटही देत नाही, मग गिऱ्हाईक रागावून गेलं तरी बेहत्तर.

आता जे सांगायचं ते मंजुळाने तेवीस वर्षांच्या भवानीतही रमाबाईंना सांगितलेलं नव्हतं. गेली आठ वर्षं मंजुळाच्या घरात कालवं शिजली नव्हती.

आठ वर्षांपूर्वी तिची मुलगी रंजिता, तेव्हा बारा वर्षांची, काविळीने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. खडकावरची कालवं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणाले, पण शहराचा मैला ज्या पाण्यात जातो त्याच पाण्यात ती वाढतात, ती घरात आणू नका. मैला पाइपातून लांब नेऊन सोडतात हे मंजुळालाही ठाऊक होतं. पण भरतीचं पाणी परत किनाऱ्यालाच येतं हे सांगायला तिला डॉक्टर लागत नव्हता. रंजिता सव्वा महिन्याने उठून बसली. त्या दिवसापासून कालवं घरात बंद झाली.

बाजारात बंद झाली नाहीत. यावर मंजुळाकडे उत्तरं होती. लोक चांगली शिजवतात. आपण चार पाण्यांनी धुतो. आपण नाही विकली तर दुसरी कुणी विकेल. उत्तरं इतकी होती की त्यातलं एकही पुरत नव्हतं हे तिलाच कळत होतं. रमाबाई वाटी पुढे करायच्या तेव्हा ती त्यांच्या डोळ्यांत न बघता पातेल्यात बघायची.

मग एका रविवारी रमाबाई हसतच आल्या. सून सुचित्राला चौथा महिना लागला होता आणि तिला दुसरं काही नको, फक्त कालवांचं सुकं हवं होतं. मंजुळाची नजर पातेल्यावर गेली. त्या दिवशी पातेलं नेमकं रिकामं होतं, म्हणून तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तोंडाला आलं ते ठोकून दिलं, की सध्या खडक उघडेच पडत नाहीत, काकी, भरती फार आहे.

रमाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "माका शिकवतंस? काल अवस झाली. बीज-तिजेक ओहोटी लांबवर जाता. देवगडात ल्हानाची मोठी झालंय मी."

देवगडच्या बाईला भरतीची थाप मारायची म्हणजे मंजुळाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. ती ओशाळली. बुधवारी नक्की आणते, म्हणाली. रमाबाई बांगडे घेऊन गेल्या आणि मंजुळाचा जीव टांगणीला लागला.

भरीस भर म्हणजे त्याच बुधवारी दुपारी कोळीवाड्यात सभा होती. शहराचा मैला नुसता गाळून समुद्रात सोडायचं आता थांबणार, तो पूर्ण शुद्ध करूनच पाणी सोडायचं, असं ठरलं होतं. कामं सुरू होती, आणखी काही वर्षं चालणार होती. आजचा समुद्र कसा आहे याची नोंद हवी म्हणून अधिकारी किनाऱ्यावरच्या लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होते. मंजुळाने ही बातमी ऐकली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सासू त्या खडकावर बसल्या बसल्या कालव फोडून कच्चंच तोंडात टाकायची, ते तिला आठवलं होतं.

रविवारी संध्याकाळी शामराव घरी आले. शामराव म्हणजे मच्छीमारांच्या सोसायटीचे जुने कारभारी, माणूस चांगला, पण सगळ्यांनी एका सुरात बोललं पाहिजे असा त्यांचा हट्ट. बायकांतर्फे मंजुळानेच बोलायचं हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. जाताना त्यांनी उंबऱ्यावर थांबून बजावलं.

"पान्याबद्दल काय पन बोल. पानी घान हाय, बोल. म्हावऱ्याबद्दल एक अक्षर नको. आपल्या म्हावऱ्याला एकदा नाव ठेवलं, तर उद्या कोळीवाड्याच्या एका पन बायचं टोपलं खाली व्हनार नाय."

मंजुळाने मान हलवली. शामरावांचं काही चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. पाणी घाण आणि त्यातली मासळी चोख, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी पहाटे ओहोटी लांब गेली होती. मंजुळा कोयती घेऊन खडकावर उतरली, दोन शिंपली फोडली, आणि तिला पुढचं काही सुचेना. चौथा महिना. रंजिताचे पिवळेधम्मक डोळे तिच्यासमोर उभे राहिले. ती सरळ उठली, घरी आली आणि रेवदंड्याला, माहेरी, भावजयीला फोन लावला.

मंगळवारी बाजार सोडून ती गेटवेवरून लाँचने मांडव्याला, तिथून अलिबागला आणि एसटीने रेवदंड्याला गेली. हिला काय खूळ लागलंय तेच धर्माला कळेना, आणि तिने सांगितलंही नाही. वहिनीने पहाटेच काढलेली कालवं डब्यात बर्फावर तयार होती. मंजुळाने झाकण उघडून वास घेतला, एक बोटावर घेऊन उन्हात धरलं. वहिनी नवलाने बघत राहिली. तेवीस वर्षं मासे विकणारी नणंद आपल्या घरी येऊन गिऱ्हाइकासारखी नखरे करतेय, असं तिला वाटलं असावं. आणि मग मंजुळाने ते विचारलंच.

"वैनी, तुमच्या घरात शिजतात ना ही?"

वहिनी हसली. "मंग काय नुसती विकायला काढतो?"

मंजुळाला ते हसणं झोंबलं. परतीच्या लाँचवर ती डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. ही कालवं चोख आहेत याचा तिच्याकडे वहिनीच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. रमाबाईंकडे तरी आपल्या शब्दापलीकडे काय होतं, हा विचार तिला मांडवा सुटल्यापासून गेटवे येईपर्यंत छळत राहिला.

बुधवारी रमाबाईंनी भवानी केली, कालवं घेतली, भरभरून आशीर्वाद दिले. मंजुळाने ती रेवदंड्याची आहेत हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वरळीची का नाहीत, हेही सांगावं लागलं असतं.

दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पुढच्या टेबलामागे अनुजा नावाची एक तरुण अधिकारी वही उघडून बसली होती. पुरुष आधी बोलले, जाळ्यात काय काय कचरा येतो ते सांगितलं. मग मंजुळा उठली. तिने पाण्याच्या वासाचं सांगितलं, खडकावरच्या काळ्या थराचं सांगितलं, शामराव मान डोलावत होते. ती बसणार तेवढ्यात अनुजाने विचारलं, तुम्ही त्याच खडकांवरून कालवं काढता ना? मंजुळा हो म्हणाली. मग ती मुलगी अगदी साधेपणाने, वहीत बघतच म्हणाली,

"ती तुम्ही घरी खाता का?"

खरं तर एवढंच म्हणायचं होतं की खातो की, रोज खातो. शामराव तिच्याकडे टक लावून बघत होते. मंजुळाने तोंड उघडलं. पण कालच हाच प्रश्न तिने स्वतःच्या वहिनीला विचारला होता, आणि वहिनीला उत्तर द्यायला विचार करावा लागला नव्हता.

"नाय," मंजुळा म्हणाली. "आठ वर्सं झाली. माज्या पोरीला कावील झाली तवापासून नाय खात. पन विकते. लिवा तसंच. आनि पानी खरोखर साफ करा, बाय. मला ती परत खायची हायत."

अनुजाचं पेन थांबलं, मग चालू झालं. मागच्या रांगेत कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं. मंजुळाला तो आत्ता दिसला. शामराव चपला घालून निघून गेले. रात्री जेवताना धर्मा एवढंच म्हणाला की खरं बोललीस, पण आधी मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

गुरुवार हा बाजारात एरवीही मंदीचा वार. त्यात शेजारच्या बायकांनी मंजुळाकडे पाठ फिरवलेली. व्हिडिओ चाळीचाळींतून फिरला होता. दोन गिऱ्हाइकं येऊन, तुमचे बांगडे पण तिथलेच का, असं विचारून गेली. बांगडे भर समुद्रातले असतात हे मंजुळाने बाजार दणाणून सोडून सांगितलं असतं, पण त्या दिवशी तिचा आवाजच फुटत नव्हता. पातेलं ती सवयीने घेऊन आली होती, रिकामंच.

साडेआठच्या सुमारास रमाबाई आल्या. मंजुळाला आधी वाटलं, आपल्याला भास होतोय. गुरुवारी रमाबाईंचा उपास असतो, त्या दिवशी त्या मासळीबाजाराच्या बाजूच्या फुटपाथवरूनसुद्धा जात नाहीत. आज त्या ओल्या फरशीवरून, साडी किंचित उचलून, थेट फळीसमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा होता. काल सुचित्रा कामावरून घरी आली, ताटावर बसली, आणि तेवढ्यात शेजारणीने तो व्हिडिओ आणून दाखवला होता. रमाबाईंनी सुनेच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं होतं.

डबा त्यांनी फळीवर ठेवला. यातली कालवं कुठली, असं विचारलं.

"रेवदंड्याची, काकी. माज्या म्हायेरची. तुमच्या सुनेसाठी जाऊन आनली."

"आणि आदीची?"

मंजुळाने खाली बघितलं. "वरळीची."

शेजारच्या बायकांचे हात माशांवरच थांबले होते. तेवीस वर्षांत रमाबाईंच्या घरात किती जणांनी ती कालवं खाल्ली असतील याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि मंजुळाला तो बघवत नव्हता. ती माफी मागायला लागली. रमाबाईंनी डब्याचं झाकण काढलं.

"मगे खा," त्या म्हणाल्या.

मंजुळाने बादलीत हात धुतला आणि डबा पुढे ओढला. पहिला घास तोंडाशी नेताना तिच्या मनात लख्खकन येऊन गेलं, की वहिनीने खरं सांगितलं नसेल तर? मग तिने घास तोंडात घातला. ओलं खोबरं, आमसूल, आणि त्याखालून आठ वर्षांनी आलेली ती खारी, गोडसर चव. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ती भराभर खात होती, कुणी थांबवावं म्हणून की कुणी थांबवू नये म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. डोळे वाहायला लागले. मसाल्याचे हात, त्यामुळे पुसताही येत नव्हते.

डबा अर्धा झाला तेव्हा रमाबाईंनी तिचं मनगट धरलं. उपासाच्या दिवशी, मासळीबाजारात, खरकट्या हाताचं.

"पुरे. सुचित्राक ठेव."

त्यांनी झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि पदराच्या टोकाने आपली बोटं पुसली. निघताना दोन पावलं जाऊन त्या वळल्या. उद्या भवानीला येतंय, बांगडे चांगले ठेव, म्हणाल्या, आणि कालवां नको.

मंजुळा हो म्हणाली. मग तिने ते रिकामं पातेलं उचलून फळीखाली पालथं घातलं.