फ्लशच्या टाकीतली बाटली

आमच्या थोरल्या मामांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या छावणी भागात मिळायचा नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला असतात, मयतीला गेले तर तिथला गळका नळ घट्ट करून येतात. चहासुद्धा उभ्यानं, आणि तोही पंख्याच्या आवाजाकडे एक कान देऊन. धड चाललेली वस्तू त्यांना बघवत नाही, असं मामी म्हणते. मला वाटतं, ती उद्या बिघडेल या धास्तीनं त्यांना आजच स्वस्थता नसते. कारागीर बोलवायचा नाही, हा त्यांचा बाणा. "तो बिघाड दुरुस्त करतो, आपण घर दुरुस्त करतो," असं ते म्हणतात. त्यातला फरक मला अजून कळलेला नाही.

त्यांचा खरा जीव पाण्यात. आमच्याकडे नळ आठवड्यानं कधीतरी येतो, त्यामुळे त्यांच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि आंघोळीचं पेरूला जातं. मामीचे गुडघे दुखायला लागल्यावर त्या जुन्या घरात कमोड बसवला, तेव्हा एका फ्लशला किती पाणी जातं हे पाहून मामांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरबताच्या रिकाम्या बाटलीत वाळू भरली आणि ती फ्लशच्या टाकीत उभी केली. दर खेपेला बाटलीएवढं पाणी वाचतं, हे ते आल्या-गेल्याला संडासाचं दार उघडून समजावून सांगत. पाहुणा आत असला तर बाहेरून सांगत.

मागच्या महिन्यात मामी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि इकडे कमोड गळायला लागला. मामांचा फोन आला, "लगेच ये. मामी उद्या घरी येतीय. गच्चीवरची टाकी निम्मी झाली अन् नळाला अजून चार दिवस हायेत. तिनं काय वाकून बादल्या उचलायच्या का?" मी पडेगावहून पोचलो तेव्हा मामा फ्लशच्या टाकीत हळद टाकून कमोडवर ओणवे झाले होते. आतलं पाणी हळूहळू पिवळं झालं. "बघ, गळतंय. हळद खोटं बोलत नाय." मग आम्ही वायसर बदलला, बॉलकॉक बदलला, पांढरी टेप गुंडाळ गुंडाळ गुंडाळली. दर वेळी आधी हळदीच्या पाण्यातून बाटली चाचपून बाहेर काढायची, पुसून खिडकीत ठेवायची, काम झालं की मानानं परत आत उभी करायची. दोनदा तर ती मीच ठेवली. मग एक फ्लश करायचा आणि टाकी भरली की हळद टाकून बघायचं. पुन्हा पिवळी धार. त्या तपासणीतच इतकं पाणी गेलं की मामा गच्चीवर जाऊन टाकीत डोकावायलाही घाबरायला लागले.

संध्याकाळी त्यांनी पाना खाली ठेवला. "तिला म्हणालो व्हतो, तू निवांत ये, घर तयार ठेवतो," एवढंच म्हणाले. कारागीर बोलवायची परवानगी मामीच मिळवून देईल म्हणून मी तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

मामीनं सगळं ऐकून घेतलं. "ती बाटली हाय का अजून आत?"

"आहे की," मी म्हणालो.

"मग आधी ती काढा. फ्लश केलं की कलंडती अन् तळाच्या रबरी झाकणाखाली अडकती. मी रोज हात घालून सरळ करत व्हते."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?" मामांनी विचारलं.

"तुमी किती हौसेनं दाखवायचे लोकांना," मामी म्हणाली.

बाटली काढली, फ्लश केलं, टाकी भरल्यावर हळद टाकली. कमोडातलं पाणी स्वच्छ होतं ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामी वॉकर टेकत आली. ती संडासात गेल्यावर मामा दाराला कान लावून उभे. "गळत नाय ना गं?" "नाय. जावा तिकडं." बाहेर आल्यावर तिला पलंगावर नीट बसवलं तरी त्यांचा पाय काही निघेना. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "अजून काय काय सरळ करत व्हतीस, मला न सांगता?"

"लई हाय," मामी म्हणाली. "बसा, सांगते."

मामा बसले. खुर्चीला पाठ टेकून बसले. मामी एकेक सांगायला लागली, मागच्या दाराची कडी, देवघरातला दिवा, माळ्यावरची फळी. ते ऐकत राहिले आणि त्यातलं काहीही बघायला एकदाही उठले नाहीत.