पाचवा विषय

दर रविवारी सकाळी टाउनो मागच्या अंगणात जाऊन उजवी मूठ मनगटापर्यंत बर्फात खुपसायचा. सूज उतरल्याशिवाय त्याला पेन धरता येत नसे. आत येऊन म्हणायचा, "बारके, कॉफी तूच ओत. हा हात अजून परका आहे."

टाउनो हाकाला माझा थोरला भाऊ. आठवडाभर विद्यापीठात शिकायचा आणि शनिवारी आमच्या कागद गिरणीच्या गावाकडून आइस हॉकी खेळायचा. खेळायचा म्हणजे मारायचा. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला, की हातमोजे फेकून त्याचं तोंड फोडायचं, हे त्याचं काम. त्यासाठी संघ त्याची फी भरत असे. एकदा त्यानं एकाचा चेहरा असा फोडला की बर्फावर दात सांडले. परतताना गाडीत हळूच म्हणाला, "नाक नाही मोडलं त्याचं. गालाचं हाड मोडलंय. आवाज वेगळा येतो."

त्याला डॉक्टर व्हायचं होतं.

पहिल्या वर्षी गुण चांगले यावेत म्हणून त्यानं एक विषय सोडला होता. गुण उत्तम आले, वर्ष मात्र फुकट गेलं. त्याला हवं असलेलं मेडिकल कॉलेज पाच विषय एकदम पेललेलंच वर्ष मोजायचं. तेव्हापासून तो पाचाखाली उतरला नाही.

या फेब्रुवारीत एका सामन्यात एकाचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं. हेल्मेट उडालं, डोकं बर्फावर आपटलं. घरी येऊन तो मोरीत ओकला. नंतर उजेड खुपतो म्हणून पडदा ओढून जीवरसायनाचं एकच पान वाचत राहिला; उलटलं की विसरायचा.

"सोड ना एक विषय," मी म्हटलं.

"चार म्हणजे शून्य, बारके."

"मग डॉक्टरचं पत्र दे. आजाऱ्याला सूट असते."

"गावात डॉक्टर एकच, आणि तोच संघाचा. डोकं दुखावलेल्याला तो बर्फावर उतरू देईल? आणि उतरलो नाही तर फी कोण भरेल, तुझा नवरा?"

"मला नवरा नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

एप्रिलमध्ये चार पेपर झाले. पाचवा सोमवारी होता, आणि त्याआधीच्या शनिवारी मोसमातला शेवटचा सामना.

पलीकडच्या गावच्या लकॉम्बनं आमच्या गोलरक्षकाला काठीनं झोडपलं. लोक बाकांवर उभे राहून ओरडू लागले, "हाकाला! हाकाला!" गिरणीतले काका, शाळेतल्या बाई, सगळेच. टाउनोनं हातमोजे टाकले. दोघांनी एकमेकांच्या गळ्याशी जर्सी धरली आणि मोकळ्या हातानं ठोसे घालू लागले. लकॉम्बची भुवई फाटली. त्याचं रक्त टाउनोच्या तोंडावर उडालं. मग लकॉम्बचा एकच ठोसा, फारसा जोराचाही नाही, कानशिलावर बसला. टाउनो उभ्याउभ्याच कोसळला. पाय थोडा वेळ बर्फ घासत राहिले. लोक अजून ओरडतच होते. त्यांना उशिरा कळलं.

तो रविवारी दुपारी गेला. जूनमध्ये निकाल आला. चार विषयांत अव्वल, पाचवा अपूर्ण.

त्या शनिवारी बर्फावर उतरायच्या आधी, बुटांच्या नाड्या आवळताना, त्यानं मान वर न करताच मला सांगितलं होतं, "उद्या लवकर जाऊन लायब्ररीत जागा धर. खिडकीजवळ नको हं, ऊन येतं."