एक जूनला जन्मलेली यांगचेन

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या महिन्यात त्याच रांगेत उभी होते, पुढे दोनच माणसं उरली होती, आणि यांगचेनच्या मैत्रिणीचा, पासांगचा फोन आला. "मिस, यांगचेन गेली… बेळिग्गेच गेली, आठ वाजता." बेळिग्गे म्हणजे सकाळी. तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी रांग सोडली नाही. लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच लिहायला बसले आहे. जिवंत असल्याची सही केली, पोचपावती घेतली आणि मगच मेटगळ्ळीची रिक्षा धरली. यांगचेन माझी विद्यार्थिनी. गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि कागदावर सव्वीस. ही वरची दोन वर्षं तिच्या मानेवर बसली ती उतरलीच नाहीत, आणि ती तिथे मी बसवली होती.

ती तिबेटातून आलेली. आईनं एका टोळीबरोबर नेपाळच्या वाटेनं डोंगरापलीकडे पाठवलं, "मी मागून येते" म्हणाली, आणि मागून कुणी आलं नाही. काही महिने इकडच्या तिबेटी वसाहतीत काढल्यावर म्हैसुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात तिची सोय झाली, आणि वसतिगृहानं तिला आमच्या शाळेत आणून उभं केलं. मे महिन्यातही अंगातला स्वेटर काढायला तयार नसायची. आमचं घर चार पिढ्या म्हैसुरात शिवणकाम करणारं, त्यातली शिकून मास्तरीण झालेली मी पहिलीच. अक्षर मोत्यासारखं म्हणून प्रवेशाचं रजिस्टर माझ्याकडे. आणि आपल्याकडे रजिस्टरचा एक धर्म असतो: ज्याची जन्मतारीख ठाऊक नाही, तो एक जूनला जन्मतो. मी एक जूनची, माझा भाऊ एक जूनचा, आमचे हेही एक जूनचे. वर्गाला वय कमी पडत असेल तर मास्तर एखादं वर्ष वाढवतात, मुलाचं वर्ष वाचतं, पालक हातावर नारळ ठेवून जातात. यांगचेनला मी पाचवीत घालत होते. "किती वर्षांची गं तू?" विचारलं तर तिनं नऊ बोटं दाखवली. पाचवीला दहा हवीत. एक मी घातलं आणि एक जून लिहून मोकळी झाले. त्यांच्यात मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. पोर आठाची होती. एक वर्ष तिच्या लोकांच्या मोजणीनं वाढलं, दुसरं माझ्या मायेनं.

पुढची वर्षं चांगली गेली, हेही सांगायला हवं. रविवारी ती आणि वसतिगृहातली तिची मैत्रीण पासांग आमच्याकडे जेवायला यायच्या. माझ्या आईच्या हातचं खाऊन दोघी आमची कन्नड मिसळलेली मराठी शिकल्या. यांगचेन चहात चिमूटभर मीठ टाकायची आणि आई कपाळाला हात लावायची, "चहात मीठ! हुच्चु पोरगी." हुच्चु म्हणजे वेडी. ही वेडी माझी नक्कल इतकी हुबेहूब करायची, चष्मा नाकावर ओढून, खडू बोटात फिरवून, की मला स्वतःच्या वर्गाची भीती वाटावी. तिला नर्स व्हायचं होतं. आईच्या पायाला गळू झालं तेव्हा पंधरा दिवस रोज येऊन तिनंच पट्टी बदलली, आणि आई, जी सुनेलाही पायाला हात लावू देत नसे, निमूट पाय पुढे करायची.

परदेशी मूल सोळा वर्षांचं झालं की त्याला कचेरीत जाऊन स्वतःच्या नावाची नोंद करावी लागते. मोठ्या मुलींकडून ऐकून यांगचेनला हे पाठ होतं. तोवर ती आपल्यासारखं वय मोजायला शिकली होती. सोळा भरली त्याच आठवड्यात ती मला घेऊन कचेरीत गेली, दोन वेण्या घालून, शाळेचा दाखला छातीशी धरून. कारकुनानं विचारलं, "वयस्सु?" "हदिनारु," ती म्हणाली, सोळा. त्यानं दाखला उलगडला, बोट ठेवलं. "इल्ली हदिनेंटु इदे." इथे अठरा आहे. मी वाकून पाहिलं. माझंच अक्षर होतं. कागदाप्रमाणे तिची नोंद दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती, तेव्हा ती खरी चौदाची होती आणि वसतिगृहात कुणी दाखला उघडूनही पाहिला नव्हता. आता ती दोन वर्षं बेकायदा राहिलेली परदेशी बाई ठरली. बाई! तिच्यावर केस झाली. दर महिन्याला येऊन सही करायची, परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्याच आठवड्यात वसतिगृहानं कळवलं की अठरा पूर्ण झालेल्या मुलीला तिथे ठेवता येत नाही. सोळाव्या वर्षी ती एक ट्रंक घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली.

कारकून माणूस वाईट नव्हता. निघताना तो हळूच म्हणाला, "ज्यांनी तारीख घातली त्यांनी लिहून द्यावं, अंदाजानं घातली म्हणून. मग दुरुस्त होईल." समोर उभी असलेली मीच ती, हे त्याला माहीत नव्हतं. यांगचेनला माहीत होतं. ती माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरली… मी घरी येऊन कागद घेतला, आणि भावानं तो हातातून काढून घेतला. "अक्का, तुला हुच्चु लागलंय का? खोटी तारीख लिहिली म्हणून स्वतःच्या सहीनं देणार? दीड वर्ष राहिलंय. पेन्शन जाईल, गप बस सुम्ने." त्याचं खोटं नव्हतं. माझ्या रजिस्टरात असे कितीतरी एक जून होते, एक उपटला असता तर सगळेच उपटून निघाले असते. पण मी त्या मुलांसाठी थांबले नाही. मी घाबरले, एवढंच खरं आहे. यांगचेननं दोनदा विचारलं, "मिस, ते पत्र?" मी म्हटलं, "रिटायर झाले की देते गं, लगेच देते." "आयतु, मिस," ती म्हणाली, म्हणजे बरं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मंगळूरच्या नर्सिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता, तिकडे राहायची परवानगी मिळाली नाही. ती आणि पासांग मेटगळ्ळीत खोली घेऊन राहिल्या, आणि यांगचेन तिथल्याच एका कारखान्यात शर्टांना काजं करू लागली.

निवृत्त झाल्यावर आठवड्याच्या आत मी पत्र लिहिलं, एवढा शब्द पाळला. कचेरीत दुसराच कारकून होता. "आता तुम्ही सर्विसमध्ये नाही, मेडम. शाळेनं द्यायला पाहिजे." शाळेत नवे हेडमास्तर. त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं, पान पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, "एवढ्या स्वच्छ अक्षरात कुणी खोटं लिहितं का, मेडम?" हे यांगचेनला सांगितलं तेव्हा ती हसली. "मिस, तुमचं अक्षर घाण असतं तर बरं झालं असतं." आठ वर्षांत तिनं मला दिलेला दोष एवढाच. एखादी थोबाडीत मारून गेली असती तर मी सुटले असते.

यंदा पावसाळ्यानंतर तिचा ताप उतरेना, छातीत पाणी झालं. इथल्या डॉक्टरांनी बंगळूरच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. परवानगीसाठी पासांगनं चार खेपा घातल्या, तेव्हा तीन दिवसांची मिळाली. तिथले डॉक्टर म्हणाले, दहा दिवस तरी राहायला हवं. तिसऱ्या दिवशी यांगचेन स्वतः सही करून बाहेर पडली आणि बसनं म्हैसूरला परत आली. मी चिडून बोलले, "वेडी का तू? चार दिवस जास्त राहिलीस तर काय फाशी देणार होते?" ती धापा टाकत होती. "एकदा दोन वर्षं जास्त राहिले ना, मिस…" पुढे खोकल्यानं तिला बोलता आलं नाही. दहाव्या दिवशी ती गेली.

मी खोलीवर पोचले तेव्हा वसाहतीतून एक म्हातारे भिक्षू आले होते. त्यांच्यात माणूस कुठल्या प्राण्याच्या वर्षी जन्मला त्यावरून पुढचे विधी ठरतात, कुठल्या दिवशी उचलायचं, कुणी हात लावायचा, सगळं. भिक्षूंनी तिचं वर्ष विचारलं, ते पासांगनं मला मराठीत सांगितलं. पासांग पाणी आणायला वळली तेवढ्यात मी, सवयीनं, उशाची फाईल उघडून शाळेचा दाखला पुढे केला. भिक्षूंनी बोटांवर वर्षं मोजली आणि पोथीशेजारच्या कागदावर लिहिलं: बैल. पासांग परत आली, तिनं कागद पाहिला. "बैल नाही, ससा. ती सशाच्या वर्षाची," ती म्हणाली, आधी त्यांच्या भाषेत, मग माझ्याकडे बघत मराठीत. भिक्षूंनी तिच्याकडे पुरावा मागितला नाही, सही नाही, शिक्का नाही. बैल खोडला, ससा लिहिला, आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. दोन वर्षं उतरायला अर्धं मिनिट लागलं. मग मान वर करून त्यांनी काहीतरी विचारलं. त्यांची भाषा मला येत नाही, पण बोट दाखल्यावर होतं, तेव्हा कळलं: हे बैलाचं वर्ष कुणी लिहिलं? पासांग माझ्याकडे बघत थांबली. मी दाखल्याची घडी घातली आणि तो परत फाईलमध्ये ठेवला.