स्वीडिश स्वयंपाकिणीचं मी बदललेलं वाक्य

तो स्वीडिश सिनेमा मीच निवडला होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातल्या एका रविवारी, बुद्धवंदना आणि जेवण आटोपल्यावर, आम्ही सिनेमा बघतो आणि मग चहा पीत त्यावर भांडतो. श्रीमंतांची खिल्ली उडवणारी कॉमेडी, एवढंच वाचून मी हुरळले आणि ग्रुपवर लांबलचक आवाहन टाकलं. सिनेमा न बघताच.

आवाहनं लिहायची ही खोड घरची आहे. माझे बाबा नागपुरात पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, चौकाचौकांत वाटायचे. त्यांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी आला.

त्या दिवशी मला खरी ओढ होती ती मावशींना सिनेमा दाखवायची. मावशी म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या एका दादाची आई. नातीला सांभाळायला सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि बुधवारी परत निघणार होत्या. नागपुरात त्यांनी आयुष्यभर एका बंगल्यात स्वयंपाक केला. त्यांच्या आठवणी ऐकून मी एक छोटी पुस्तिका लिहीत होते. त्या जाण्याआधी ती छापायला त्यांचा होकार हवा होता. विचारलं की त्या म्हणायच्या, "पाहू." सिनेमातही स्वयंपाकीण आहे हे कळल्यावर मला वाटलं, तो बघून त्या नक्की हो म्हणतील.

"मले इंग्रजी येत नाही, अन् हे तर इंग्रजीही नाही म्हणते," मावशी म्हणाल्या. "तू बाजूले बस. सांगत जा."

मी बाजूला बसले. खालचे इंग्रजी सबटायटल्स वाचून कानात मराठीत सांगू लागले.

अर्ध्या तासात कळलं की सिनेमा फुसका आहे. समुद्रकाठचं उन्हाळी घर, आजोबांचा वाढदिवस, पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकमेकांना टोमणे मारतायत. खिल्ली कसली, कॅमेरा त्यांच्या खिडक्यांच्या प्रेमात पडला होता. मग मालकिणीच्या मुलाच्या हातून मोठ्या माशाचं ताट पडतं आणि मालकीण पाहुण्यांसमोर स्वयंपाकिणीला झापते. मला वाटलं, आता! आता बोलेल! स्वयंपाकीण हसून म्हणाली, "चूक माझीच, मॅडम."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी मावशींच्या कानात म्हणाले, "ती म्हणतेय, मासा तुमच्या लेकाने पाडला. त्यालाच उचलायला सांगा."

मावशींनी मांडीवर थाप मारली. "वा व माय!"

त्यांचं ते हसू पाहिलं आणि मी सुटले. पुढचा तासभर ती बाई गप्प असली तरी मी तिला बोलायला लावत होते. बाकी सगळे मोबाईलमध्ये आणि आम्ही दोघीच खिदळतोय. शेवटी मालक मंडळी तिला बोटीच्या धक्क्यावर नाचायला घेऊन जातात आणि सगळं गोड होतं. मी सांगितलं, ती नोकरी सोडल्याच्या आनंदात नाचतेय.

चहाला दादा म्हणाला, "यार, टोटल बोअर. सगळा अपमान गिळून ती शेवटी सॉरी म्हणत त्यांच्यातच नाचते. ही कसली कॉमेडी?"

"कोन सॉरी म्हणते?" मावशींनी कप खाली ठेवला. "तिनं तर त्या पोट्ट्याले मासा उचलाले लावलं!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाला हसू आवरेना. "आई, ही तुला वेगळाच पिक्चर दाखवत होती."

मावशी हसल्या नाहीत. "खरं काय म्हणाली ते?"

"चूक माझीच, मॅडम."

"मग काऊन बदललं?"

"मला राग आला, मावशी."

"तिचा?" मावशींनी विचारलं. "मीही हेच म्हणत होती. बंगल्यातल्या पोरानं लोणच्याची बरणी फोडली, म्या म्हटलं माह्या हातून सुटली. घरी येऊन मालकिणीची नक्कल केली, तं ह्या माह्या पोराचा बाप हसून हसून खाटेवरून पडला." मग हळू विचारलं, "माह्या पुस्तकातही तू मले असंच बोलाले लावलं का?"

लावलं होतं. बरणीचाच प्रसंग. माझ्या वहीत मावशी कमरेवर हात ठेवून मालकिणीला सुनावत होत्या.

एकदा बाबांच्या पत्रकात मोर्च्याची गर्दी चुकून जास्त छापली गेली होती. वाटायच्या आधी आम्ही दोघांनी अख्खा गठ्ठा जमिनीवर पसरला आणि एकेका कागदावर पेनने आकडा दुरुस्त केला. माझी बोटं दुखायला लागली तेव्हा मी कुरकुरले, "आपल्याच बाजूचं आहे ना?" ते म्हणाले, "म्हणूनच."

मी वही काढली, मावशींसमोर ते पान उघडलं आणि त्या खोट्या चार ओळींवर काट मारली.

"आता तो माशाचा सीन लाव," मावशी म्हणाल्या.

लावला. या वेळी मी जे होतं तेवढंच सांगितलं. मावशींचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. "थांब. मांगं घे. हात पाहा तिचा."

चूक माझीच म्हणताना स्वयंपाकीण माशाचा तेलकट हात मालकिणीच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथला पुसत होती. निवांत, एकेक बोट. सबटायटल्स वाचण्यात आणि माझे संवाद रचण्यात मी ते पाहिलंच नव्हतं. दादानेही नाही. सिनेमा फुसकाच होता, पण ती नटी कामाची होती.

मावशी आता हसल्या, मघाच्यापेक्षा हळू, पण बराच वेळ. मग उठल्या, पदर खोचला आणि क्लबहाऊसच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी बंगल्यातल्या मालकिणीची नक्कल केली. मान तिरकी, दोन बोटांत बरणीची काच. दाराशी कुणाच्या तरी बर्थडेचे फुगे घेऊन पुढची मंडळी आली होती. तीही मराठीचा एक शब्द न कळता हसायला लागली.

निघताना मावशींनी माझ्या वहीवर बोट टेकवलं. "छाप. पन 'चूक माझीच' हे राहू दे. अन् ही नक्कलही लिही."

मी दुरुस्त केलेलं पान त्यांना मंगळवारी वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.