चार बोटांचं अंतर

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. सौदीतल्या अल खर्जच्या या डेअरीत दूध काढायच्या मशिनांचा मेकॅनिक म्हणून आलो, त्याला नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात मी एका ड्रायव्हरचा दात पाडला, मेसचं दार लाथेने मोडलं, आणि लाथ मारणाऱ्या गाईला उलट लाथ मारून स्वतःच्याच पायाचं बोट मोडून घेतलं. गाईला काही झालं नाही. हे सगळं मी चारचौघांत हसत सांगतो. सुताराचं मनगट मोडलं, ते मात्र घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

आमच्या खोलीत सहा जण, सगळे कोकणातले. त्यातले सुतार आणि मी राजापूर तालुक्यातले, शेजारशेजारच्या गावांतले. कॅम्पात खोलीत स्वयंपाक करायला बंदी आहे, म्हणजे अर्थातच सगळे करतात. आमची हॉटप्लेट कपाटात कपड्यांमागे लपवलेली असायची. गुरुवारी दमामहून येणारा एक ट्रकवाला सुरमई आणून द्यायचा आणि शुक्रवारी तिचं कालवण व्हायचं. त्या कालवणावर आम्ही आठवडा काढायचो. हॉटप्लेटचा सॉकेट सुताराच्या उशाशी होता. तो काळा पडला होता, एकदा त्यातून ठिणगीही उडाली. सुतार दोनदा म्हणाला की हे धोक्याचं आहे. आम्ही त्याला भित्री भागूबाई म्हणून उडवून लावलं. तिसऱ्यांदा तो सरळ सेफ्टीवाल्याकडे गेला. सेफ्टीवाला आला, हॉटप्लेट काखेत मारून घेऊन गेला आणि सहाही जणांना लेखी ताकीद मिळाली. त्यात सुतारही आला, पण तेवढ्याने आमचं समाधान होणार नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सुतार ओव्हरटाइमला गेला होता. आम्ही पाच जण खोलीतल्या टीव्हीवर हिंदीत डब केलेली एक डॉक्युमेंटरी बघत बसलो. अमेरिकेतले आमिश लोक. घोडागाडीतून फिरतात, घरात वीज घेत नाहीत, आणि वीसपंचवीस माणसं जमून दिवसभरात एक भलंमोठं लाकडी कोठार उभं करतात. फोटोला तोंड दाखवणं म्हणजे गर्व, म्हणून कॅमेरा सगळीकडे त्यांच्या पाठी आणि हात दाखवत होता. एखादं तोंड ओझरतं दिसलं, तर दाढी आहे पण मिशी नाही. आमच्यातला रत्नागिरीचा वेल्डर नुकताच जुम्म्याच्या नमाजाहून आला होता. तो म्हणाला, ‘‘अरे, हा पाठमोरा तर आमचा मोठा चाचा वाटतो. टोपी काढ म्हणावं, बघू!’’ आम्ही खूप हसलो.

मग एका बापाची गोष्ट आली. भरधाव मोटारीने त्याच्या घोडागाडीला मागून उडवलं. मुलगी जागीच गेली. ड्रायव्हरही जखमी होऊन इस्पितळात पडला, आणि त्याच संध्याकाळी हा बाप त्याच्या खाटेशी जाऊन बसला. म्हणाला, आम्ही तुला माफ केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टीव्हीवर ओरडलो, ‘‘बाप आहेस की कोण? त्याच्या नरड्यावर पाय दे!’’ मला खरोखरच त्या म्हाताऱ्याला धरून हलवावंसं वाटत होतं. पोर मेली आणि हा माफी वाटतोय.

पुढचा भाग मात्र मला आवडला. जो त्यांचा नियम मोडतो त्याच्याशी सगळे व्यवहार बंद. असा एक बाहेर काढलेला माणूस तोंड दाखवून बोलत होता. आईच्या घरी जेवायला गेलो, तर ती माझं टेबल घरच्यांच्या टेबलापासून चार बोटं लांब ठेवते, तो म्हणाला. वरून दोन्हींवर एकच कापड घालते, म्हणजे फट दिसत नाही. माझ्या हातून कुणी काही घेत नाही. मी वस्तू खाली ठेवायची, मग त्यांनी उचलायची.

डबिंगवाला त्याला बहिष्कार म्हणत होता. मी म्हटलं, ‘‘बहिष्कार कसला? हे वाळीत टाकणं.’’

चिपळूणचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘‘आमच्याकडं अजून टाकतात. तुमच्याकडं?’’

‘‘शेजारच्या गावात एका घराला टाकलं होतं,’’ मी म्हणालो.

ते घर आमचं होतं. देवळाच्या जमिनीच्या भांडणात वडील कोर्टात गावकीच्या विरुद्ध खरं बोलले, म्हणून तीन वर्षं आम्ही वाळीत होतो. दुकानदार आम्हाला मीठ देत नसे. शिमग्यात पालखी दारोदार फिरली आणि आमचं दार वगळून पुढे गेली, तेव्हा वडील नारळ घेऊन पालखीच्या आडवे उभे राहिले. त्यांना तिथेच, देवासमोर, लाकडांनी मारलं. मी नऊ वर्षांचा होतो. आईने मला पदरात दाबून धरलं होतं, पण आवाज ऐकू येत होता. वडिलांचा एक कान त्या दिवशी गेला. हे कॅम्पात कुणालाही माहीत नव्हतं. सुताराला असणार हे मला ठाऊक होतं, पण त्याने इतक्या वर्षांत कधी विषय काढला नव्हता.

आणि असा मी, त्याच दुपारी सुतार कामावरून आला तेव्हा, जेवायचा सुफ्रा अंथरला. सुफ्रा म्हणजे जमिनीवर पसरायचं प्लॅस्टिक. इथे सगळे त्यावरच ताटं मांडतात. मी त्याचा एक तुकडा कात्रीने कापला आणि आमच्यापासून चार बोटं दूर टाकला. सुताराने तुकड्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, हे मी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना गंमत वाटत होती. दाबून धरलेलं हसू वेल्डरच्या नाकातून बाहेर पडलं.

चारपाच दिवसांत बाकीच्यांची गंमत संपली, माझी संपेना. एकदा इलेक्ट्रिशियनने सुताराच्या हातून मिठाची बाटली घेतली. मी त्याच्या हातावर अशी थप्पड मारली की मीठ भिंतीपर्यंत गेलं. वेल्डर म्हणाला, ‘‘खलास कर आता, पुरे झालं.’’ मी त्याची कॉलर धरली. खोली मला घाबरायला लागली होती आणि मला ते आवडत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते. सुतार दोनतीनदा बोलायचा प्रयत्न करून गप्प झाला. पुढे तो सुतारशाळेत मांजरांशी बोलतो असं कानावर आलं. एकदा मी स्वतः ऐकलं, दाराची चौकट बसवताना तो चौकटीला म्हणत होता, ‘‘हल जरा, अशी काय करतंस?’’ मला हसू आलं. असे सहा आठवडे गेले.

मग एका शुक्रवारी मी बेसिनचा गळका पाइप दुरुस्त करून नुकताच उठलो होतो. हातात पाइप पाना होता, चांगला दीड फुटी. बाकीचे ताटं मांडत होते. सुतार आला, त्याने आपला तुकडा उचलला आणि आमच्या सुफ्र्याला चिकटवून ठेवला. मी पायाने तो मागे सारला. त्याने पुन्हा चिकटवला आणि त्यावर ताट ठेवून बसला. मी पुन्हा सारला, ताट उलटं झालं आणि डाळ त्याच्या मांडीवर सांडली. तो उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला.

‘‘माका वाळीत टाकतंस? वाळीत म्हणजे काय ता तुझ्या आवशीक विचार. तुझ्या बापाशीचो कान खय गेलो ता सांग ह्यांका.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाना उगारला. त्याने डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि पाना मनगटावर बसला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा भुवईला घासून गेला आणि पांढऱ्या सुफ्र्यावर रक्ताची धार लागली. मी काहीतरी ओरडत होतो, काय ते मला आठवत नाही. चौथा घाव मी डोक्यावरच घालणार होतो. तो का घातला नाही असं कुणी विचारलं, तर उत्तर एवढंच की वेल्डरने माझ्या गळ्यात हात घालून मला मागे पाडलं आणि इलेक्ट्रिशियन माझ्या हातावर बसला. खाली पडल्यावरही मी इलेक्ट्रिशियनच्या पोटरीला चावलो.

पोलिसांनी मला नेलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचा मंदूब आला. मंदूब म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस. त्याने हिंदीत सगळं समजावून सांगितलं. मारहाणीत जखमी माणसाचा स्वतःचा हक्क असतो. त्याने तो लिहून सोडला, त्याला तनाझुल म्हणतात, तर सुटायची आशा. नाही सोडला, तर तुरुंग, आणि तो भोगून झाला की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करून कायमचं घरी. ‘‘सुतार का हाथ है,’’ तो म्हणाला, ‘‘वो भी दाहिना. मैं उसकी जगह होता तो साइन नहीं करता।’’

सहा दिवस मी कोठडीत होतो. दुसऱ्याच दिवशी एकाशी पाण्यावरून झोंबाझोंबी केली आणि ओठ फोडून घेतला. मग मात्र भिंतीला टेकून बसलो. घरी आई, बायको, दहावीतली मुलगी. त्यांना कुणी काय सांगितलं असेल याचा विचार करवत नव्हता. आणि मनात सारखा तो घोडागाडीवाला बाप यायचा. ज्याच्यावर मी थुंकलो असतो, तो म्हातारा आता सुताराच्या अंगात शिरावा म्हणून मी देवाला विनवत होतो. एवढा निर्लज्जपणा माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी मला बाहेर बोलावलं. सुतार खुर्चीवर बसला होता. हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, भुवईला टाके. अधिकाऱ्याने विचारलं आणि मंदूबने हिंदीत सांगितलं, ‘‘कोणी जबरदस्ती केली नाही ना? हक्क सोडतोस?’’ सुताराने मान हलवली. डाव्या हाताने सही काढायला त्याला बराच वेळ लागला. पहिलं अक्षर वेडंवाकडं आलं, तसा तो थांबला आणि पुन्हा लिहू लागला. त्यानंतर मी त्याच्या हाताकडे बघू शकलो नाही. मग अंगठा घेतला. माझे बाकीचे कागद व्हायला दुपार झाली. तोवर सुतार बाहेर बाकावर बसून होता.

मंदूबने आम्हा दोघांना पिकअपच्या मागच्या सीटवर बसवलं. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर सुतार बोलायलाच लागला. इस्पितळात मनगटात पट्टी आणि स्क्रू घातले. नर्स कोट्टयमची, ती त्याला अंकल म्हणते. गावी त्याच्या आंब्याच्या कलमांना यंदा मोहोर उशिरा आला. वासरांच्या शेडची दारं चुकीच्या मापाची आली आहेत, ती बसवणार कोण. सुतारशाळेतली मांजर व्याली, चार पिल्लं, एक आंधळं. खजुराच्या बागा गेल्या, चाऱ्याची हिरवी शेतं गेली, आणि तो बोलतच होता. मला मध्ये एक शब्द घालायला जागा देईना. त्याला कुठे थांबायचं तेच कळत नव्हतं.

डेअरीचं फाटक दिसायला लागलं, तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, ‘‘मनगट फार दुखतं?’’

‘‘दुखता तर,’’ तो म्हणाला. मग प्लॅस्टर मांडीवर नीट ठेवत म्हणाला, ‘‘पण एक सांगू? त्या दिवशी तू माका आवशीवरून गाळी घातलंस ना, मारताना, तेव्हा एवढा बरा वाटला. म्हटलंय, चला, ह्यो माझ्याशी बोललो एकदाचो.’’

आणि मी काय म्हणतो हे ऐकायला तो माझ्याकडे वळून बसला.